वैशाखातली चढण

मे महिन्यातल्या सहलीची तारीख आमच्याकडे पंचांग बघून ठरते. वैशाखी पौर्णिमा कुठल्या वारी येते ते आई पाहतात, मग नवरा रजा टाकतो, मग मुलं आपापल्या मित्रांना सांगतात की त्या चार दिवसांत आम्ही गावात नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर श्रीवर्धन. लग्न होऊन साताऱ्याला आल्या त्याला आता पन्नास वर्षं होत आली, पण समुद्राचं घड्याळ त्यांच्या डोक्यात अजून चालू आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, पौर्णिमेला सव्वाअकराची. वद्य प्रतिपदा एकापासून मोजायची, म्हणजे रात्री पाऊण वाजता समुद्र भरतो आणि सकाळी सातच्या आत पाणी पार मागे गेलेलं असतं. शिवाय पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी मोठी असते, एरवी पाण्याखाली राहणारे खडकही उघडे पडतात. हरिहरेश्वरच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने प्रदक्षिणा घालायची तर ती अशाच सकाळी.

पौर्णिमेला रायगड आणि प्रतिपदेला हरिहरेश्वर, असा आमचा बेत असतो. दोन सकाळी, दोन्ही पायांच्या. मधली वाट गाडीची.

या दोन सकाळींसाठी आमचं अख्खं घर वर्षभर चालतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण व्यायामाचं कुठलंच उद्दिष्ट आमच्याकडे पूर्वी टिकत नसे. वजनाचा आकडा ठरवला, तो विसरला गेला. मोबाइलवर पावलं मोजून झाली, काही दिवसांनी त्या मोजण्याचाच कंटाळा आला. मात्र 'वैशाखात आईंना रायगड पायऱ्यांनी चढायचा आहे' हे एकदा घरात बोललं गेलं आणि ते राहिलं. कारण त्या उद्दिष्टाला एक जागा होती, एक तिथी होती आणि एक माणूस होतं. माणसाला तब्येत कशासाठी हवी, याचं याहून खरं उत्तर मला सुचत नाही. आपल्या माणसांबरोबर आवडत्या ठिकाणी जाता यावं, तेही जितकी वर्षं जमेल तितकी वर्षं.

साताऱ्यात राहणाऱ्याला चढण शोधावी लागत नाही. अजिंक्यतारा घराच्या खिडकीतच उभा असतो. पहाटे गडाच्या रस्त्याला अर्धं गाव असतं: कानटोप्या घातलेले पेन्शनर, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं, मंगळाईच्या दर्शनाला निघालेल्या बायका. आईंना आम्ही आधी 'चार भिंती' या स्मारकापर्यंत नेऊ लागलो. मग गडाच्या रस्त्याचं पहिलं वळण, मग पुढचं. डॉक्टरांनी त्यांना एक साधी खूण दिली होती. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. आईंच्या बाबतीत ही खूण फारच उपयोगी पडली. त्या सतत बोलतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी, आगरातली रहाटाची विहीर, पावसाळ्यात बंद पडणारी होडी, असं सगळं वर चढता चढता चाललेलं असतं. त्यांचा आवाज थांबला की आम्ही चौघंही थांबतो. कुणी काही विचारत नाही. गडाच्या दरवाज्याकडे, यवतेश्वराच्या डोंगराकडे बघत राहायचं. थोड्या वेळाने अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं आणि आमची पावलंही.

नुसतं चालणं म्हातारपणी पुरत नाही, हे आम्हाला हळूहळू कळलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. 65 वर्षांपुढच्यांना त्याखेरीज तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. म्हणून स्वयंपाकघरात ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं सुरू झालं. भाताच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत डावा पाय, मग उजवा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. हे सावकाश बसणंच गड उतरताना कामी येतं. चढताना दम लागतो, म्हणून चढण अवघड वाटते. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन धरून ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. गुडघ्यावरचा भारही उतरतानाच वाढतो.

बाकीच्यांची आपापली उद्दिष्टं आहेत. नवऱ्याची साखर काठावर आली होती, तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर त्याची शतपावली चुकत नाही. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे त्याला समजलं आणि पटलं. धाकट्याला समुद्रात पोहायचं आहे, त्यासाठी तो तलावावर जातो. मला यवतेश्वराचा घाट न थांबता पळत चढायचा आहे. अजून जमलेलं नाही, जमेल. मुलीचं उद्दिष्ट निराळं: तिला आंबेनळी घाटात गाडी लागू द्यायची नाही.

गाडी लागणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांना लागते त्यांचा अर्धा प्रवास डोळे मिटून जातो. साताऱ्याहून मेढा, केळघरचा घाट, महाबळेश्वर आणि मग पोलादपूरपर्यंत उतरत जाणारी आंबेनळीची वळणं. तेराशे मीटरहून अधिक उंचीवरून जवळजवळ समुद्राच्या पातळीवर यायचं. कानांना दडे बसतात आणि ते पुन्हा मोकळे होतात. आतला कान सांगतो की आपण वळतो आहोत, डोळ्यांपुढे मात्र स्थिर सीटची पाठ असते. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळतं. मुलीने हे वाचलं आणि पुढची सीट मागून घेतली. नजर लांबच्या रस्त्यावर, पुस्तक नाही, मोबाइल नाही, तोंडात आलेपाक. यंदा वाडा कुंभरोशीच्या फाट्यावर आम्ही थांबलो तेव्हा ती पायउतार झाली आणि प्रतापगडाकडे बघत म्हणाली, "आजी, हा घाट इतका सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं." आईंनी तिच्या हातावर करवंदं ठेवली. रस्त्याकडेला कातकरी बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात घेऊन बसली होती.

गाडीत खाणं असतंच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या, आणि पन्ह्याची मोठी बाटली. पन्ह्यात मीठ थोडं जास्त. घाट उतरला की हवा एकदम अंगाला चिकटते. घाटावर ऊन कडक असलं तरी घाम वाळतो आणि अंग गार होतं. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता वाहतो, आणि त्याबरोबर मीठही जातं. अशा हवेला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आमच्याकडे एक दुपार असते. म्हणून महाडला पोहोचलो की कुणी हिंडायचं नाही. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी संध्याकाळी थोडं बसायचं, ज्यांच्याकडे उतरतो त्यांच्याकडची तांदळाची भाकरी आणि पिठलं खायचं, लवकर झोपायचं.

पौर्णिमेच्या पहाटेची गंमत ज्याने पायऱ्यांनी रायगड चढला आहे त्यालाच सांगता येईल. पाचाडची बाजू गडाच्या पश्चिमेची. सूर्य डोंगराच्या मागून येणार, त्यामुळे बराच वेळ पायऱ्या सावलीत. आणि नेमक्या त्याच वेळी पूर्ण चंद्र पश्चिमेला उतरत असतो, आपल्या पाठीवर. चित् दरवाज्यापाशी आम्ही पाय ठेवला तेव्हा फटफटत होतं, तरी दगडांवर चांदणं शिल्लक होतं. आईंच्या हातात काठी, एका बाजूला मुलगी, मागे मी. चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत. आईंनी कुणालाही मोजू दिल्या नाहीत. "आकडा कळला की पाय आकड्याकडे बघतो," म्हणाल्या. त्या बोलत होत्या, आणि मी फक्त त्यांचा आवाज ऐकत होते.

खूबलढा बुरुजापाशी पहिल्यांदा आवाज थांबला. बसलो. ताकवाली मावशी गडावर चढत होती, डोक्यावर हंडा, पायात साध्या चपला. रोजचीच वाट तिची. तिने आईंकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, पाळण्यानं नाय गेलात?" आई म्हणाल्या, "येताना येईन गं त्याच्यातून." मग दोघी थोडं अंतर बरोबर चढल्या. मावशीने वेग कमी केला होता, हे माझ्या लक्षात आलं, आईंच्याही आलं असणार. महादरवाज्याच्या दोन बुरुजांमधल्या वळणावर दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही. एकदम समोर येतो. तिथे आईंनी दगडावर तळवा टेकवला आणि तसाच बराच वेळ ठेवला.

वर सगळं नेहमीसारखंच मोठं आणि शांत. हत्ती तलाव कोरडा, गंगासागरात पाणी, होळीच्या माळावर वारा. 1674 साली इथे झालेल्या राज्याभिषेकाची जागा पाहून धाकटा गप्प झाला. जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याने आपलं नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखालच्या दगडावर ठेवलं. आईंनी ती पायरी ओलांडताना चपला हातात घेतल्या.

हिरकणीची गोष्ट मुलीला लहानपणापासून पाठ आहे. पण कड्याच्या टोकाशी उभं राहून खाली बघितल्यावर तिने विचारलं, "आजी, ती अंधारात उतरली?" कथेत ती रात्र कोजागिरीची. गडाचे दरवाजे मिटले होते, घरी तान्हं बाळ होतं. गवळण होती ती, रोज दुधाच्या घागरी घेऊन गड चढायची. मला नेहमी वाटतं, त्या रात्री तिला नेलं मायेने, पण तोल सांभाळला तो रोजच्या चढउतारावर तयार झालेल्या पायांनी. आईपण आणि अंगातलं बळ या दोन गोष्टी आपल्या गोष्टींमध्ये फार क्वचित एकत्र येतात. इथे येतात. म्हणून माझ्या मुलीने ही गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

उतरताना आई रोपवेत बसल्या. चार-पाच मिनिटांत खाली, हिरकणीवाडीत. रोपवेने जाणाऱ्यांना नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. त्या पाळण्यामुळे किती तरी थकलेली, आजारी, अपंग माणसं महाराजांच्या समाधीपाशी पोहोचली आहेत. आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना चौदाशे पायऱ्या उतरायला लावण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. चढण आईंनी मिळवली होती. नवरा त्यांच्याबरोबर बसला, आम्ही तिघं पायऱ्यांनी उतरलो.

संध्याकाळी माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथ भट याच गावातून निघून साताऱ्याला पोहोचले आणि 1713 साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. आई हे दर वर्षी सांगतात आणि पुढे म्हणतात, "आणि मी." त्यांच्या भावाच्या आगरात आम्ही रात्री पाय गरम पाण्यात सोडून बसलो. धाकटा समुद्रात मनसोक्त पोहून आला होता, मामांच्या मुलाची नजर त्याच्यावर असल्यामुळे मीही निर्धास्त होते.

प्रतिपदेच्या सकाळी हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्या, आणि मग ती दोन कड्यांमधली अरुंद खिंड, जिथून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. आईंचा हिशेब चुकला नव्हता. पाणी लांब गेलं होतं. खडकाचे सपाट ओटे ओले चकाकत होते. लाटांनी खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारख्या झालेल्या कड्याच्या भिंती हाताला लागत होत्या. इथे शेवाळ असतं आणि पाऊल जपून टाकावं लागतं. आईंनी काठी मुलीकडे दिली. वर्षभर ओट्याला बोटं टेकून एका पायावर उभं राहिलेली बाई त्या खडकांवरून एक एक पाऊल ठरवून पुढे निघाली. डावा, थांब, उजवा. त्या बोलत होत्या. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून ही वाट कशी चालायच्या, कुठल्या कपारीत कालवं मिळायची, कुठल्या दगडावर त्यांची आई जप करत बसायची. मुलगी ऐकत होती आणि मधूनमधून "मग?" म्हणत होती. अर्ध्या वाटेवर मागे वळून समुद्राकडे बघत आईंनी सांगितलं, "बघून ठेव, पाणी त्या काळ्या दगडाला लागलं की इथे कुणी थांबायचं नाही." मुलीने तो दगड नीट पाहून घेतला.

प्रदक्षिणा झाली, पुन्हा काळभैरव झाला, आणि देवळाबाहेर कोकम सरबत पिताना आईंनी पुढचं काढलं. श्रावणी शनिवारी जरंडेश्वर चढायचा. पावसात तिथल्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा रबरी तळाचे चांगले बूट लागतील, हेही त्यांनी नवऱ्याला लगेच सांगून टाकलं. मुलीने तिथेच, पन्ह्याची रिकामी बाटली काखेत धरून, आजीच्या तळपायाचं माप वितीने घेतलं.