बेचाळीस किलोमीटरांचा देश

सहारात एल आयुन दोन आहेत. एक पश्चिम सहारात, अटलांटिकचा खारा वारा पोचतो अशा टापूत. दुसरं अल्जीरियात, तिंदूफजवळच्या माळावर, जिथे समुद्र ही फक्त म्हाताऱ्या माणसांनी सांगायची गोष्ट आहे. पहिलं 1975 साली हातचं गेलं. स्पेनने आपल्या या वसाहतीतून काढता पाय घेतला, उत्तरेकडून मोरोक्को आणि दक्षिणेकडून मॉरिटानिया आत शिरले, आणि पोराबाळांना घेऊन, विमानांतून पडणारे बॉम्ब चुकवत तिथली सहरावी माणसं पूर्वेला निघाली. जिथे थांबली तिथे तंबू ठोकले आणि त्या वस्त्यांना गमावलेल्या गावांचीच नावं दिली : एल आयुन, औसर्द, स्मारा, दाखला. धरणाखाली गेलेल्या गावातली आपली माणसं माळावरच्या नव्या वसाहतीला जुन्याच नावाने हाक मारतात, तसंच.

2001 पासून फेब्रुवारीत इथे मॅरेथॉन होते. एल आयुनला सुरू होते, औसर्दवरून जाते, स्माराला संपते. मूळ गावांतून याच क्रमाने जायचं तर हजारावर किलोमीटर होतील. छावण्यांमधून बेचाळीस. हरवलेला देश एका सकाळीत पायाखालून जातो.

मी सराव केला तो रत्नागिरीला, भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीनंतरच्या ओल्या घट्ट वाळूत, जिथे उमटलेलं पाऊल क्षणभर चकाकतं आणि मग आतलं पाणी ते हळूच पुसून टाकतं. संध्याकाळी देणगीसाठी दारोदार. शेजारच्या काकांनी पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाले, "अगो, त्यासाठी धावायला कशाला हवं? पैसे सरळ पाठवून दे की." त्यांचं काही चुकत नव्हतं. नोंदणीच्या शुल्कातला वाटा आणि धावणाऱ्यांनी जमवलेले पैसे छावण्यांमधल्या कामांवर, मुलांच्या खेळांवर खर्च होतात हे मी सांगितलं. पण माझ्या विमानाच्या तिकिटात किती मुलांचे बूट आले असते, हा हिशेब मलाही येत होता. उत्तर नव्हतं. प्रश्न घेऊनच गेले.

तिथली जमीन वाळूची नाही. हमादा म्हणतात तिला : कडक, सपाट, काळपट दगडांच्या चिपांनी भरलेली, आणि मधेच अचानक पाऊल घोट्यापर्यंत गिळणारी मऊ रेती. सकाळी हाडं गोठवणारा गारठा होता. पत्र्यांचे, जाळ्यांचे, जे मिळेल त्याचे जोडकाम करून बांधलेले शेळ्यांचे गोठे मागे पडले, प्लास्टिकच्या चपला फटफटवत बरोबर धावणारी पोरं एकेक करून गळाली, रंगीत मल्हफा पांघरलेल्या बायकांच्या जिभेवरून निघणारा तो उंच, थरथरता नाद वाऱ्यावर विरला, आणि मग पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे फक्त उजेड उरला, पांढरा, सपाट, सावलीला कुठे आधार नसलेला, ज्यात अंतर मोजायला ना झाड ना टेकाड, फक्त आपला श्वास आणि दातांखाली करकरणारी धूळ.

क्षितिज जागचं हलेना.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पोटरीत गोळा आला. शरीरातला साखरेचा साठा संपत येतो तो इथेच. तेव्हा मला किरियाकिदिस आठवला. युद्धातल्या उपासमारीतून वाचलेला हा ग्रीक धावपटू 1946 साली बोस्टनला उतरला तो इतका खंगलेला, की डॉक्टर त्याला धावू द्यायला तयार नव्हते. तो धावला आणि जिंकला. मग लगेच घरी गेला नाही. अमेरिकेत राहून भुकेल्या ग्रीससाठी मदत गोळा करत फिरला. धर्मादाय धावण्याच्या कहाण्या पुष्कळ ऐकल्यात, त्यात मला हीच खरी वाटते. तो धावला ते स्वतःच्या भुकेसकट. माझ्या खिशात मात्र खजूर होते.

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चालणारी माणसं येतात, डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं. इथे कुणी चालत नाही. 1991 साली शस्त्रसंधी झाली, सार्वमत घेऊ असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, ते अजून झालेलं नाही. इथून जुन्या गावांच्या वाटेवर मोरोक्कोने बांधलेली सुमारे 2,700 किलोमीटरांची वाळूची भिंत आहे, आणि तिच्या कडेने सुरुंग. धावत होते ती मी. ज्यांच्यासाठी धावत होते ते पन्नास वर्षं बसून आहेत.

बसणंही किती परींचं! मातीच्या विटांची घरं उभी राहिली, 2015 च्या पुरात विरघळली, पुन्हा उभी राहिली; आता सिमेंटही दिसतं. तरी घराशेजारी तंबू असतोच. घर राहायला, तंबू कधीतरी निघायचं आहे हे विसरू नये म्हणून, असं मी माझ्यापुरतं ठरवलं.

धावणारे उतरतात ते कुटुंबांमध्येच. स्मारात मी लंगडत घरात शिरले तेव्हा मालकिणीने आधी माझ्या पायांवर पाणी घातलं. टँकरने येणारं, मोजून वापरायचं पाणी. मग निखाऱ्यांवर निळी किटली चढली. हिरवा चहा, साखर, पुदिना. ती एका पेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, हात खांद्यापर्यंत उचलून चहा ओतत राहिली, फेस दाट होईपर्यंत, आणि तिला कसलीच घाई नव्हती. तिचा भाचा उन्हाळ्याच्या सुटीत स्पेनमध्ये एका कुटुंबाकडे राहून आलेला. त्याच्या स्पॅनिशमधून, माझ्या तुटपुंज्या स्पॅनिशमधून बोलणं चाललं. किती वेळात आले, किती पैसे आणले, कुणी विचारलं नाही. कोपऱ्यातली आजी मात्र मी समुद्रकाठची आहे हे कळल्यावर सरकत जवळ आली. ती जुन्या एल आयुनची. बाकी सगळे छावणीत जन्मलेले.

तिने विचारलं, मासळी कसली मिळते?

मी बांगड्याएवढं अंतर दोन तळव्यांत धरून दाखवलं. तिने माझे हात धरले, आणखी थोडे लांब केले, आणि मान डोलावली. तिच्या समुद्रातला मासा मोठा होता.

काकांना मी परत आल्यावर सांगितलं, पैसे सरळच पाठवा, तेही लागतातच. पण तुमचे पाय धडधाकट असतील, तर एकदा तिथे जाच. बेचाळीस झेपत नसतील तर पाच आणि दहा किलोमीटरांच्या शर्यतीही असतात. फक्त परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. चहाचे तीन पेले झाल्याशिवाय तिथे कुणी उठू देत नाही.