दोन वर्षं डॉक्टरला, पाच वर्षं सिस्टरला

जव्हार-मोखाड्यात एखादी बाळंतीण किंवा बाळ दगावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ड्युटीवर सिस्टर कोण होती?" रस्ता का नव्हता, गाडी कुठे होती, हे नंतर विचारतात. कधी कधी विचारतच नाहीत. माझी सगळी नोकरी या दोन तालुक्यांतल्या उपकेंद्रांत आणि पीएचसीत गेली, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातली मुलगी नर्सिंगला आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

१ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम ३०४-अ होतं. सगळ्यांना सारखं, जास्तीत जास्त दोन वर्षं. नव्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. फक्त उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसं झालं तर मर्यादा दोनच वर्षांची. नोंदणीकृत म्हणजे कोण, तेही तिथेच लिहिलंय: मेडिकल रजिस्टरमध्ये नाव असलेला. आपलं नाव असतं महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या रजिस्टरमध्ये. म्हणजे तीच लेबर रूम, तीच रात्र, तीच बाई, आणि डॉक्टरला दोन, सिस्टरला पाच. हे किती सिस्टरना माहीत आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकींना पहिल्यांदाच कळलं.

डॉक्टरांशी माझं भांडण नाही. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साधी चूक म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे, हलगर्जीपणा फार मोठा असावा लागतो. आणि डॉक्टरवर पुढची कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं. योग्यच आहे. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, तेव्हा अटक झालेल्या पहिल्या चौघांत तीन परिचारिका होत्या. चौथ्या, एक वैद्यकीय अधिकारी. वायरिंग काय सिस्टर बघते?

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२२, मोखाड्यातली मर्कटवाडी. सातव्या महिन्यात घरीच जुळी झाली, दोन्ही गेली, आणि आईला झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं. जून २०२५, जोगलवाडी. कळा सुरू झालेल्या बाईला वेळेत गाडी मिळाली नाही. खोडाळा, मोखाडा, तिथून नाशिक. बाळ पोटातच गेलं, आणि बापाने ते पिशवीत घालून एसटीने घरी आणलं. १९९२-९३ ला वावर-वांगणीत मुलं गेली तेव्हापासून इथे दौरे होताहेत. दौऱ्याच्या गाडीला रस्ता बरोबर सापडतो.

असल्या जागी एकटी एएनएम असते. तिला काय करायची मुभा आहे हे तिला पाठ पाहिजे. उदाहरणार्थ, गरोदर बाईला झटके आले तर मॅग्सल्फचा पहिला डोस देऊन मग रेफर करायचं, हे एएनएमच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. "डॉक्टर नाहीत, हात लावत नाही" म्हणून गाडीची वाट बघत बसणं हाही निष्काळजीपणा ठरू शकतो. उलट, कळा वाढाव्यात म्हणून स्वतःच्या मनाने ऑक्सिटोसिन लावणं ही मुभेबाहेरची गोष्ट. घरचे कितीही मागे लागोत, लावायचं नाही.

पण सगळ्यात अवघड प्रसंग झटक्यांचा नाही. तो येतो नोंदणीच्या टेबलावर, शांतपणे. मुलगी सतरा वर्षांची, तिसरा महिना. आपल्याकडे पैशांअभावी लग्न पुढे ढकलून जोडपी आधी संसार थाटतात, हे सगळ्यांना माहीत आहे. (जन्मतारीख विचाराल तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून, गुरुजींनी लावलेला.) पोक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही. २०१७ पासून अठराखालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच. कळवलं तर पोराला अटक, आणि उपकेंद्रातली सिस्टर त्याच गावात राहणारी.

मला एका ठिकाणी वरून सांगणं आलं होतं, "सिस्टर, एकोणीस लिहा ना, कशाला भानगड." मी लिहिलं नाही. कळवलं. मुलगी पुढच्या तपासणीला आलीच नाही. वीटभट्टीवर गेली, एवढंच आशाताईने सांगितलं. कुठल्या भट्टीवर, ते कुणी बोलेना. कायदा पाळला गेला आणि पेशंट हातची गेली. जिच्यासाठी कायदा केला तीच अशी लपून बसत असेल तर तो राबवण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय.

तरीही एकोणीस लिहिणं मला आजही मान्य नाही. पोलिसांच्या भीतीने नाही. कार्डावर एकोणीस असलं की जव्हारच्या कुटीर रुग्णालयात तिच्याकडे साधी केस म्हणून बघणार. सतराची, अंगात रक्त कमी, हाडं अजून वाढतायत, हे त्या एका आकड्यावरून डॉक्टरला कळतं. तो आकडा खोटा लिहिला की धोका तिच्या जिवाला. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पवयीन मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला, तिने आणि पालकाने विनंती केल्यास, कळवताना तिची ओळख न देण्याची मोकळीक दिली. पण जिला बाळ ठेवायचंय तिची नोंद करणाऱ्या सिस्टरला त्याचा काय उपयोग? माझी मागणी एवढीच आहे की कळवण्याचं पत्र पीएचसीच्या लेटरहेडवर, एमओंच्या सहीने, जावक क्रमांकासह जावं. एकट्या सिस्टरच्या नावाने नको. आणि पोलीस येण्याआधी त्या मुलीजवळ तिची बोली बोलणारी एखादी बाई बसलेली असावी.

परवा कंत्राटी लागलेल्या एका पोरीने विचारलं, "ताई, रात्री दोनला एमओ सरांना फोन केला आणि उचललाच नाही तर काय लिहू?" तिला सांगितलं, तेच लिही. किती वाजता केला, कितीदा केला, उचलला नाही. १०८ ला कधी फोन केला, काय उत्तर आलं, गाडी कधी आली. नातेवाईक न्यायला तयार नसतील तर तेही, अंगठ्यासकट. पण बाई सज्ञान असेल तर अंगठा तिचा घे, सासूचा नको. आणि सकाळी कुणी "हे पान बदला" म्हणालं तर आधी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेव. पेशंटचं नाव दिसणारा तो फोटो ग्रुपवर मात्र टाकू नकोस.