अगं, त्याला भूक नाही!

ऑफिसच्या सीक्रेट सँटामध्ये मला काय मिळालं असेल? परफ्युम नाही, चॉकलेट नाही... चक्क एका कपात लावलेलं जेडचं झाड! ‘लकी असतं, पैसा येतो,’ शेजारच्या डेस्कवाल्यानं सांगितलं. अप्रेझल जवळ आलं होतं. म्हटलं, ट्राय करायला काय जातंय?

मी करमाडची. शेंद्र्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरून स्कूटीवर ऑफिस गाठते, म्हणून पुण्यातल्या मैत्रिणी माझ्यावर जाम जळतात. तर, जेड गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि लाड सुरू झाले. चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, ऑनलाइन मागवलेलं लिक्विड खत. आठवडाभर मान वर करायला फुरसत नसायची, मग रविवारी सगळं प्रेम एकदम त्या कपात! त्यात एप्रिल-मे. पारा चाळिशीपार.

मेमध्ये पानं सुरकुतली, गळायला लागली. बुंधा वाकला. मातीवर पांढरी खपली आली. मी घाबरले आणि काय केलं? डोस डबल!

एका संध्याकाळी अप्पा गच्चीवर आले. अप्पांनी तीस वर्षं कपाशी केली, मोसंबी केली. मग आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदला मिळाला, हे दोन मजली घर त्यातूनच उभं राहिलं, माझं एमबीएही. पण तेव्हापासून अप्पा शेतीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी रेल्वे स्टेशनापर्यंत एक फेरी. बस्स.

त्यांनी नखानं ती खपली खरवडली.

‘‘हे काय गं बाई?’’

‘‘खत, अप्पा. कमी पडतंय बहुतेक.’’

‘‘कमी? अगं, त्याला भूक नाही अन् तू घास कोंबायलीस! आधी माजलं, मग जळालं.’’

माजणं म्हणजे नत्र जास्त झालं की कपाशी नुसती पानांनी वाढते, बोंडं धरत नाही, ते. माझं जेड तसंच लांबट, लेचंपेचं झालं होतं. अप्पांनी कप उलटा केला. खाली भोकच नव्हतं! मुळं सडून काळी. शेंड्याची एक धड फांदी त्यांनी कापली, आठवडाभर सावलीत सुकवली आणि मातीच्या कुंडीत लावली. आमची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून त्यात निम्मा मुरूम आणि जाड वाळू. शेणखत फक्त मूठभर.

मग मीही नेटवर बसले. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. (नर्सरीत बारीक पानांचं जे ‘जेड’ मिळतं ते वेगळंच झाड, पण तेही तिकडचंच.) उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून हे दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन ठेवतं. कडक उन्हाळ्यात वाढ जवळपास थांबते. तेव्हा दिलेलं खत मातीत क्षार होऊन साचतं आणि उलट मुळांमधलंच पाणी ओढून घेतं. हे अप्पांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘‘म्हणजे नाईट शिफ्टवालं हाय की! त्याला दुपारी जेवायला कशाला उठवायलीस?’’

मग वेळापत्रक अप्पांनीच ठरवलं. उन्हाळाभर खत बंद, दुपारी सावली. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, कारण भिजलेल्या मातीत खत देणं म्हणजे सडायला आमंत्रण. खरं जेवण पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंत, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेही महिन्यातून एकदाच. डिसेंबर-जानेवारीत पाणीसुद्धा बेतानं. तेव्हाच जुन्या झाडांना पांढरी-गुलाबी फुलं येतात म्हणे. आपल्याला अजून बराच वेळ आहे!

दिवाळीनंतरच्या रविवारी अप्पांनी माळ्यावरून एक पिशवी काढली. एकोणीस-एकोणीस-एकोणीस. शेत होतं तेव्हाची. ढेकूळ झालेलं. चालतं, म्हणाले, विरघळलं की झालं. कपाशीच्या फवारणीला पंधरा लिटरच्या पंपात पंचाहत्तर ग्रॅम टाकायचे; इथे लिटरला एक ग्रॅम. माझ्या किचनच्या काट्यावर अप्पा एक ग्रॅम मोजत होते, चष्मा नाकावर, श्वास रोखून. आदल्या दिवशी कुंडीला साधं पाणी दिलं होतं. कोरड्या मातीत खत मुळं जाळतं. जेडला अर्धा पेला पुरला.

उरलेला मग हातात धरून अप्पा गच्चीवरून खाली बघत राहिले. ‘‘हे कुठं टाकू?’’

मी म्हटलं, ‘‘बेसिनमध्ये ओता ना.’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास! मग चपला घालून, मग न सांडता जपत, जिना उतरले आणि समोरच्या काकूंच्या लिंबाच्या झाडापाशी जाऊन उभे राहिले. आळं नीट केलेलं नव्हतं. पँटच्या बाह्या दुमडून खाली बसले आणि हातानंच माती ओढायला लागले.