सरोवराच्या तळाशी

धाकट्या भावाचे अंत्यविधी आटोपून टोरांटोहून मुंबईस परतत होतो. वाटेत ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर पुढच्या विमानासाठी पाच तास थांबणे आले.

सारा व्यवहार एकाच विशाल इमारतीत चाललेला. पिवळ्या पाट्यांवरील काळी अक्षरे वाट दाखवीत होती. त्यांत अलंकार नाही, संदिग्धता नाही. आयुष्यभर संदिग्धतेचे सौंदर्य शिकवीत आलेल्या मला त्या भाषेचा हेवा वाटला.

भाऊ स्थापत्य अभियंता. १९८९ साली तो प्रथम परदेशी निघाला, तेव्हा याच विमानतळावरून त्याने मला निळे हवाईपत्र धाडले होते : ‘दादा, मी एका सरोवराच्या तळाशी उभा आहे.’ ते अक्षरशः खरे होते. येथे हार्लेमरमेर नावाचे सुमारे १८ हजार हेक्टरांचे सरोवर होते. १८३६च्या वादळांत त्याचे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आले, लायडन शहरातही शिरले. अखेर वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात ते उपसून काढले. त्या तळावर १९१६ साली लष्करी विमानतळ झाला. आजही ही भूमी समुद्रसपाटीहून तीनएक मीटर खाली आहे. उपसा थांबला, तर पाणी आपली जागा परत मागेल.

भावाने हे सारे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर तांबड्या शाईने खुणा करून मी ते पत्रच त्याला परत पाठवले. सरोवराविषयी एक अक्षरही लिहिले नाही. त्यानंतरची त्याची पत्रे इंग्रजीत येऊ लागली. पुढे पत्रांऐवजी दूरध्वनी, आणि शेवटी केवळ दिवाळीचा दूरध्वनी.

ते हवाईपत्र परवा त्याच्या मेजाच्या खणात सापडले. ‘तळाशि’मधील ऱ्हस्व इकारावर माझी खूण अजून ठळक आहे.

काचेपलीकडे धावपट्टीवर पाऊस पडत होता. ते पाणी कोठेतरी, कोणीतरी उपसत असणार. कालही उपसले असेल, उद्याही उपसावे लागेल. दोन भावांमधली भूमीही अशीच राखावी लागते. त्याने आपल्या परीने काही वर्षे ती राखली. माझ्या बाजूचे यंत्र मीच बंद ठेवले होते.

फलकावर मुंबईचे नाव आले. पत्राची घडी घालून मी ते खिशात ठेवले आणि पिवळ्या पाटीने दाखवलेल्या वाटेने चालू लागलो.