गाडीला पीडीआय, मग फ्लॅटला का नाही?

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे निघा. आजूबाजूला कारखानेच कारखाने. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन. या पट्ट्यात साधा बोल्टसुद्धा क्वालिटीवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही. शोरूममधून गाडी ताब्यात देण्याआधी तिचं प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन, म्हणजे पीडीआय होतं. पण दिवसभर पार्ट 'रिजेक्ट' करणारी आपलीच मंडळी वीस वर्षांच्या ईएमआयवर फ्लॅट घ्यायला जातात तेव्हा काय बघतात? सॅम्पल फ्लॅटमधला सोफा!

म्हणूनच सध्या कानावर पडणारा शब्द आहे होम इन्स्पेक्शन. फ्लॅटचं पीडीआयच म्हणा ना.

पुनावळे : नवा कोरा, तरीही...

वाकड, रावेत, पुनावळे. टॉवर नवे, लिफ्टला अजून प्लॅस्टिक. इन्स्पेक्शनवाला इंजिनिअर बॅग उघडतो तेव्हा गंमत वाटते. मिस्त्रीचा ओळंबा आणि पाणसळ यांची जागा लेझरने घेतलीय. आधी खोल्या मोजल्या जातात, कारण पैसे कार्पेट एरियाचे दिलेले असतात. मग टाइल्सवर टकटक. आवाज पोकळ आला की समजायचं, खाली माल नीट भरलेला नाही. प्लगमध्ये टेस्टर घालून अर्थिंग बघतात. बाल्कनीत बादलीभर पाणी ओततात. ते जाळीकडे गेलं तर ठीक, हॉलकडे आलं तर पहिल्याच पावसात तुमची परीक्षा.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल मात्र गैरसमज नको. तो भिंतीच्या आरपार बघत नाही, फक्त तापमानातला फरक दाखवतो. ओल असलेली जागा थंड दिसते, मग तिथे मॉइश्चर मीटर लावून खात्री करायची. बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवून खालच्या फ्लॅटचं छत बघणं, ही जुनी टेस्ट आजही तितकीच भारी.

रिपोर्टचा उपयोग काय? 'रेरा' कायद्यानुसार पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण 'अहो, भिंत ओली आहे' असं फोनवर सांगण्यापेक्षा फोटो, जागा आणि तारखेसह लेखी यादी दिलेली केव्हाही बरी. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे होम इन्स्पेक्टरला सरकारी लायसन्स लागत नाही. त्यामुळे सिव्हिल इंजिनिअर आहे का, जुना रिपोर्ट दाखवतो का आणि बिल्डरशी त्याचं काही साटंलोटं नाही ना, हे आधीच विचारून घ्या.

निगडी : रीसेलचं गणित

कारखान्यातल्या कामगारांना हक्काचं घर मिळावं म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. २०२१ मध्ये ते विसर्जित झालं, तरी 'प्राधिकरणात राहतो' म्हणण्यातला रुबाब काही गेलेला नाही. झाडी मस्त, रस्ते रुंद. पण इथली कित्येक बांधकामं आता प्रौढ झाली आहेत. स्लॅबखाली गंजलेली सळई, फुगलेलं प्लॅस्टर, जुनं वायरिंग हे ताज्या रंगाखाली सहज लपतं. सोसायटी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ते व्हायला हवं. प्राधिकरणाचे प्लॉट ९९ वर्षांच्या लीजवर दिलेले, तेव्हा हस्तांतराचे कागदही बघा.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही आधीच इन्स्पेक्शन करून घ्या. गळती स्वतःहून सांगितली की तिची किंमत ठरते. ती गिऱ्हाइकाला सापडली तर सगळ्याच घरावर संशय येतो.

चिखली : रेषा कुठून जाते?

इंद्रायणीकाठी चिखलीत १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ३६ बंगले पाडले. निळ्या पूररेषेच्या आत होते म्हणून, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार. आयुष्यभराची कमाई एका दिवसात ढिगाऱ्यात गेली. यातल्या एखाद्या घराची टाइल, वायरिंग, प्लंबिंग अगदी फर्स्ट क्लास असतंही, पण लेझर मीटर पूररेषा दाखवत नाही! सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पवना, मुळा, इंद्रायणी, कुठलीही नदी जवळ असेल तर 'रिव्हर व्ह्यू'वर भाळण्याआधी विकास आराखड्यावर ही रेषा शोधा. शक्य असेल तर साइट जुलैत बघा. पावसाइतका स्वस्त आणि प्रामाणिक इन्स्पेक्टर दुसरा नाही.

चाकण : गुंठ्याचा मोह

चाकणच्या आसपास अजून मोकळं रान आहे आणि 'एक गुंठा, हप्त्याने' असे बोर्डही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सात-बारावर नावं किती, जमीन एनए आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता मुरूम टाकलाय, पाणी कुठून येणार, ही तपासणी विटेच्याही आधीची. ती इंजिनिअरची नाही, वकिलाची.

जाताजाता संग्रामदुर्ग बघा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला इथे जवळजवळ दोन महिने झुंजवलं. शेवटी बुरुजाखाली सुरुंग खोदून तो उडवला तेव्हाच भगदाड पडलं. समोरून अभेद्य दिसणारा बुरूज खालून पोखरला गेला होता.

तेव्हा बुकिंगआधी महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट बघा, पझेशनआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि चावी हातात घेण्यापूर्वी एक सकाळ इन्स्पेक्शनला द्या. एक्सेल शीटमध्ये एक चुकीचा आकडा दिसला तरी आपण फाइल परत पाठवतो. मग फ्लॅटच्या बाबतीतच एवढी भीड कशाला?