हातगुण

दुखण्याची वार्ता फुटली की समाचारास येणारे प्रत्येक माणूस वैद्य होते. माझ्या दुखण्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस असे ठरले, तेव्हा दोडामार्गातल्या आमच्या घरी हाच अनुभव आला. नाव कोणास धड उच्चारता येईना; औषध मात्र प्रत्येकास ठाऊक होते.

आमच्या बाजूचे लोक जड दुखण्यासाठी सीमा ओलांडून बांबोळी गाठतात. मीही गेले. मेंदूची चित्रे आणि कण्यातले पाणी तपासून डॉक्टरांनी रोग समजावून दिला. मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे वेष्टण असते; शरीराच्या रक्षक पेशीच ते कुरतडू लागतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. पॅरिसच्या शार्को यांनी 1868 साली याचे नीट वर्णन केले. पुरता बरा करणारा उपाय अद्यापि नाही. परंतु रोगाचे उठाव कमी करणारी औषधे 1993 सालापासून मिळू लागली आहेत. त्यांपैकी एक सुई मी नियमाने टोचून घेते.

‘पुरता बरा करणारा उपाय नाही’ हे वाक्य घरच्यांच्याने सोसवेना. देवळात गाऱ्हाणे घातले गेले. कोणी निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा सुचविला. तो घेताच उजव्या डोळ्यापुढे धुके आले व पाय कापसाचे झाले. अंग निवल्यावर तासाभराने सारे पूर्ववत झाले. ‘रोग बाहेर पडतो आहे,’ असा निर्वाळा मिळाला. वास्तविक उष्णतेने या रोगाची लक्षणे तात्पुरती बळावतात, आणि त्या घटनेला 1890 साली तिची नोंद करणाऱ्या उथॉफ यांचे नाव आहे.

पुढे मावशीने घाटाखालच्या एका जाणत्याकडून काढा आणला. दीड महिन्यात पायांची बधिरता ओसरली, आणि वाडीभर त्याच्या हातगुणाची कीर्ती झाली. परंतु माझी रोजनिशी निराळी साक्ष देत होती. रोगाचे नावही ठाऊक नव्हते, त्या वर्षी माझी दृष्टी अशीच मंदावली होती आणि काहीएक उपचार न करता पाच आठवड्यांत निवळली होती.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्टे याचीही हीच कथा. 1822 साली त्याची दृष्टी अंधुक झाली व उपचारावाचून परतली. पुढे त्याने नाना तऱ्हेची स्नाने व मर्दने केली. तरी रोग वाढतच गेला, आणि 1848 साली तो वारला. बहुतेकांच्या ठायी हा रोग आरंभी भरती-ओहोटीने चालतो. उपाय शोधायला माणूस निघतो तो भरतीच्या वेळी. ओहोटी लागली की हाती असलेल्या पुडीला श्रेय मिळते.

हा भ्रम खेड्यापुरताच आहे असे मात्र नाही. इटलीतील झांबोनी या शल्यविशारदांच्या पत्नीस हाच रोग होता. मानेतील शिरा अरुंद झाल्याने तो होतो, असे मत त्यांनी 2009 साली मांडले; जगभरच्या रुग्णांनी शिरा रुंद करून घेण्यासाठी धाव घेतली. पुढे त्यांनी स्वतःच रीतसर परीक्षा केली. काही रुग्णांच्या शिरा खरोखर रुंद केल्या, काहींच्या बाबतीत केवळ तसा देखावा केला. 2017 साली निष्कर्ष आला: उपायाचा लाभ नाही. पत्नीवरील मायेतून सुचलेला उपाय त्यांनी कसोटीला लावला, हे मला थोर वाटते.

आमच्या जाणत्याची अट निराळी होती. दोन औषधे एकत्र चालत नाहीत, म्हणून सुई बंद करावी. ‘बाय गो, ती सुई आता सोड,’ असे मावशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. त्या पाण्याला नकार देणे वाफाऱ्याहून कठीण होते. वरून ओहोटी दिसत असताही आत वेष्टणाची झीज चालू असू शकते आणि त्याच काळात सुईचे काम असते, हे मी तिला अनेक दिवस समजावीत राहिले. काढ्यात काय घातले आहे, हे जाणत्याने सांगितले नाही. तेव्हा तो घेणे मी थांबविले. गाऱ्हाण्याला माझी हरकत नव्हती आणि आजही नाही.

सुई थंडाव्यात ठेवावी लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. हल्ली दिवे गेले की मावशीच आधी फ्रिजकडे जाते, कोणी त्याचे दार उघडू नये म्हणून.