त्रास नको म्हणून

"काकू, तुम्हाला दगदग नको म्हणून नाही सांगितलं." दोन वर्षं झाली, तरी हे वाक्य कानातून जात नाही.

आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बसतं. बावीस वर्षं मी तिथे टाळ वाजवला. मध्येच कंपवाताचं निदान झालं, गोळ्या लागल्या, चाल मंदावली. तरी गुरुवार चुकला नाही. साडेतीनला गोळी घ्यायची, तिचा गुण येईपर्यंत साडी नेसून व्हायची.

त्या वर्षी कार्तिक वद्य एकादशीला सगळ्याजणी आळंदीला जाऊन आल्या. मला कळलं ते मोबाइलवरच्या फोटोंतून. पुढच्या गुरुवारी विचारलं, तर हे उत्तर. वर माझा टाळ दुसरीच्या हातात. "तुम्ही खुर्चीत बसून नुसतं ऐका. हात बघा किती हलतोय!"

हात हलत होता, कारण तो रिकामा होता! माझा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, कामाला लागला की थरथर कमी होते. टाळ वाजवताना तो सगळ्यांत शांत असायचा. पायांचंही तसंच. उंबऱ्याशी ते जमिनीला चिकटतात. मनात ठेका धरला की पाऊल उचलतं. म्हणजे ज्याने मला बरं वाटत होतं, तेच काळजीपोटी काढून घेतलं. "काकूंना आता रस राहिला नाही," असंही कुणी म्हणालं. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आतला आनंद बाहेर दिसत नाही. त्यांनी चेहरा पाहिला, मला विचारलं नाही.

चार महिने मी खाली उतरले नाही. झोप उडाली, आवाज इतका बारीक झाला की सून प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणू लागली. गाणं सुटल्याने हे झालं असं मी म्हणते. डॉक्टर म्हणतात, आजारही पुढे सरकलाय. दोन्ही खरं असेल. पण ज्यांच्या घरात, मंडळात असं माणूस आहे त्यांना हात जोडून सांगते, त्याच्या वतीने ठरवू नका. नाही म्हणायचं असेल तर ते त्याला म्हणू द्या.

हे लिहिताना एक आठवण टोचते. आमच्यातल्या एकीला अर्धांगाचा झटका आला होता. पुढच्या सहलीची यादी करताना "त्यांना घरीच बरं" असं म्हणणारी मीच होते. तिला विचारायला मीही गेले नव्हते.

चैत्रात मी परत जाऊ लागले. टाळ मागून घेतला. गेल्या गुरुवारी मात्र गोळी लागू पडली नाही. मी घरीच राहिले, आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. साडेचारला खालून टाळांचा आवाज आला. न जाण्याचं मीच ठरवलं होतं, तरी कुणी बोलवायला वर आलं नाही, याचा राग आला.